निंबोळी अर्क आणि जैविक औषध एकत्र मारायचं का? तुमचे प्रश्न

अर्क आणि जैविक कीडनाशकं मिसळण्याबद्दल तेच तेच प्रश्न परत येतायत, म्हणून इथे एकदाच उत्तरं देते.

मॅडम, बिव्हेरिया सकाळी दहाला मारलं तर चालेल का?

नाही, संध्याकाळीच मारा, बिव्हेरिया म्हणजे कीड मारणारी बुरशी, उन्हात तिचे बीजाणू मरतात.

५ टक्के निंबोळी अर्क करून किती दिवस ठेवायचा?

ठेवायचाच नाही. १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी पावडर, रात्रभर भिजवा, गाळा आणि त्याच दिवशी संपवा.

निंबोळी तेल आणि बिव्हेरिया एकाच पंपात टाकू का? बरणीत मिसळून पाहिलं, फाटलं नाही.

बरणीत फाटलं नाही म्हणजे नोझल चोक होणार नाही, एवढंच. बीजाणू जिवंत आहेत की मेले ते डोळ्यांना दिसत नाही आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. बिव्हेरिया ही जिवंत बुरशी आहे, तिचा बीजाणू अळीच्या कातडीवर चिकटतो, ओलावा मिळाला की रुजतो आणि कातडी भेदून आत शिरतो, पण त्याआधीच अळीने कात टाकली तर तो कातीबरोबर बाहेर. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन कात टाकणं लांबवतं, म्हणजे बुरशीला वेळ मिळतो, जोडी चांगली म्हणतात ती यामुळे. पण तेच तेल आणि त्यातलं इमल्सिफायर (तेल पाण्यात मिसळवणारं द्रव्य) जास्त झालं तर बीजाणू रुजतच नाहीत! एका कंपनीच्या तेलाबरोबर चाललं म्हणून दुसऱ्याबरोबर चालेल असं अजिबात नाही, आणि लसणाचा अर्क तर मुळात बुरशीविरोधी, तो बिव्हेरियात ओतायला कोण सांगतं देव जाणे. "आमच्याकडे सगळे असंच मारतात" हे मला कृपया लिहू नका. दोन्ही लेबलं घेऊन कृषी विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा, ते होईपर्यंत आधी निंबोळी आणि दोन-तीन दिवसांनी बिव्हेरिया, असं वेगवेगळं मारा. फवारणीनंतर मेलेल्या ताठ अळ्या ओल्या कापडावर डबीत ठेवा, तीन-चार दिवसांत कातडीवर पांढरी बुरशी फुटली तर बिव्हेरियाने काम केलं.

दुकानदार म्हणतो त्याची "हर्बल प्लस बायो" बाटली दोन तासांत अळी पाडते. घेऊ का?

घेऊ नका. बुरशीला अळी मारायला चार-पाच दिवस तरी लागतात, कधी त्याहून जास्त, अर्काने अळी खाणं सोडते पण लगेच मरत नाही, मग दोन तासांत पाडणारं त्यात काय आहे? बायोच्या नावाखाली रासायनिक मिसळून विकणारे आहेत. लेबलवर जिवाणू किंवा बुरशीचं नाव, दर ग्रॅमला किती जिवंत बीजाणू, नोंदणी क्रमांक आणि मुदत, यातलं एक जरी नसेल तर बाटली परत द्या आणि कृषी अधिकाऱ्याला कळवा.

बीटीमध्ये निंबोळी अर्क घातला तर डबल रिझल्ट येतो का?

नेहमी नाही. बीटी म्हणजे अळ्या मारणारा जिवाणू, तो पोटात गेला तरच चालतो, त्याचे स्फटिक अळीच्या आतड्यात विरघळतात, आणि कडक अर्काने अळी पानच खाईना तर बीटी पोटात जाणार कसं? एनपीव्ही या अळ्या मारणाऱ्या विषाणूचंही तेच. डोस स्वतःच्या मनाने ठरवू नका, विचारून घ्या.

शेजारी तुतीची बाग आहे, बिव्हेरिया किंवा बीटी फवारू का?

नको, तुतीची पानं रेशीमकिडे खातात. बास्सी या शास्त्रज्ञाने १८३५ साली इटलीत रेशीमकिड्यांच्या रोगाला कारण म्हणून दाखवली ती बिव्हेरियाच, बीटीही १९०१ मध्ये जपानात रोगट रेशीमकिड्यांतच सापडलं. आधी रेशीम तज्ज्ञाशी बोला.

अळ्या बोटाएवढ्या झाल्यात, आता एनपीव्ही मारू का?

आता उशीर झाला, हे औषध बारीक अळ्यांवर चालतं, पानावर पहिली भोकं दिसली तेव्हाच मारायला हवं होतं. आठवडाभर कशाची वाट बघत होतात? आता घरी प्रयोग करू नका, चार अळ्या आणि खाल्लेली पानं डबीत घालून आजच कृषी तज्ज्ञाकडे न्या.