घर माझं, जमीन पार्कची, विकायचं कसं?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या एका मोबाइल होम पार्कमध्ये (कारखान्यात बनवून आणलेली घरं, भाड्याच्या जागेवर) माझं दोन भागांचं डबल-वाइड घर आहे, १९८४ सालचं. २००९ मध्ये मी आणि सौ.नी मिळून घेतलं. कर्ज कधीच फिटलं. टायटलवर (मालकीच्या कागदावर) दोघांची नावं आहेत, सौ. २०२१ साली वारली. आता मुलीकडे डॅलसला कायमचं जायचं ठरलंय. मंडळातल्या ओळखीच्या एका तरुण जोडप्याला घर पसंत आहे, पैसेही तयार आहेत. पण पार्कचा मॅनेजर म्हणतो, "घर चाळीस वर्षांपेक्षा जुनं झालं, विकलंत तर इथून उचलून न्यावं लागेल. त्यापेक्षा आम्हालाच द्या." जो आकडा तो सांगतो तो ऐकून हसावं की रडावं कळत नाही. जावई म्हणतात, नोटरीपुढे सही करा, चावी द्या आणि विमानात बसा. चालेल का तसं? मागच्या पोर्चला भिंती घालून मी देवघर केलंय, त्याचंही काही निघेल का?
– एक वाचक, सॅन होजे

उत्तर : भाऊ, जावयांना सांगा, चावी अजून तुमच्या खिशातच राहू दे.

मी एस्क्रोच्या (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे आणि कागद सांभाळणाऱ्या तिऱ्हाइताच्या) ऑफिसात एकोणीस वर्षं काढली, पण हा धडा त्याआधीचा आहे. १९९७ साली आम्ही दोघं हेवर्डमध्ये एका सिंगल-वाइडमध्ये राहायला गेलो. विकणारा गृहस्थ भला होता. किचनच्या टेबलावर कागद लिहिला, हस्तांदोलन झालं, चेक दिला. टायटल नावावर करायला गेलो तेव्हा कळलं, काउंटीचा दोन वर्षांचा टॅक्स थकलेला. तोवर गृहस्थ ओरेगनला पोचले होते. अकराशे डॉलर आम्ही भरले, आणि त्या वर्षी भारतात जाणं राहिलं.

तुमच्या बाबतीत आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. तुम्ही विकताय ते फक्त घर. जमीन पार्कची, आणि त्या जमिनीवर राहण्याचा हक्क भाडेकराराने मिळतो. तुमचा करार तुमच्यापुरता. विकत घेणाऱ्याला पार्कबरोबर स्वतःचा करार करावा लागतो. तो न करता ते जोडपं राहायला आलं, तर घराचे मालक असूनही कॅलिफोर्नियाच्या कायद्याने त्यांना तिथे राहण्याचा काही हक्क नाही, पार्क त्यांना बाहेर काढू शकतं. आपल्याकडे सोसायटीच्या एनओसीवाचून फ्लॅट विकला तर कटकट होते. इथे कटकटीवर भागत नाही. (माझं आजोळ पेडण्याचं. तिथे भाटकाराच्या जमिनीवर मुंडकाराचं घर असायचं, त्यामुळे ही 'घर एकाचं, जमीन दुसऱ्याची' भानगड मला लहानपणापासून पाठ आहे. फरक इतकाच, की गोव्यात १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला संरक्षण देऊन घराखालची जागा विकत घेण्याचा हक्कही दिला. इथे तसा हक्क नाही.)

आता मॅनेजरचं. त्याचं बोलणं ऐकून घ्या, पण घाबरू नका. या पार्कांसाठी मोबाइलहोम रेसिडेन्सी लॉ हा वेगळा कायदा आहे, सिव्हिल कोडच्या कलम ७९८ पासून पुढे. घर जुनं झालं एवढ्या कारणावर ते हलवायला लावता येत नाही. तुमचं डबल-वाइड वीस फुटांपेक्षा रुंद असणार, आणि तशा घराला पंचवीस वर्षं उलटली तरी ते आरोग्य आणि सुरक्षेच्या निकषांत नापास व्हावं लागतं. पास-नापास सरकारी यंत्रणा तपासणी करून ठरवते, मॅनेजर पार्किंगमध्ये उभा राहून ठरवत नाही. घराची अगदी दुर्दशा झाली असेल तर गोष्ट निराळी, पण ज्याने पोर्चला भिंती घातल्या तो माणूस घर पडू देणारा वाटत नाही.

तेव्हा पार्कला पत्र द्या, लेखी. घर विकतोय, बाहेरून काय दुरुस्त्या हव्यात ते कळवा, एवढंच. पत्र मिळाल्यापासून कामाच्या दहा दिवसांत त्यांना यादी द्यावी लागते, आणि त्या यादीत कायद्याने किंवा पार्कच्या नियमांनी लागतं तेवढंच मागता येतं. बहुधा रंग, पायऱ्यांचा कठडा, स्कर्टिंग (घराखालची पोकळी झाकणारं आवरण) निघेल. त्याचा खर्च कोणी करायचा ते तुम्ही आणि ते जोडपं ठरवा.

'आम्हालाच द्या' याबद्दल. तुमचा करार २००९ चा आहे. घर विकताना आधी पार्कलाच विचारायचं, असं कलम २००६ पासूनच्या भाडेकरारात घालता येत नाही. तसा वेगळा करार तुम्ही मोबदला घेऊन केला असेल तर ते निराळं. फाइल उघडून बघा. खिडकीत 'विक्रीस आहे' पाटी लावणं हाही तुमचा हक्क आहे, दोन फूट बाय तीन फुटांपर्यंत. मॅनेजरच्या ओळखीच्या एजंटाकडूनच विका, असंही तो म्हणू शकत नाही.

घेणाऱ्याला मंजुरी देण्याचा हक्क मात्र त्याला आहे. जोडपं त्याच्याकडे अर्ज करेल. भाडं भरण्याची ऐपत आहे का आणि आधी जिथे राहत होते तिथे नियम पाळत होते का, एवढंच बघून त्याने हो-नाही म्हणायचं. मागितलेले सगळे कागद पोचल्यावर उत्तराला कामाचे पंधरा दिवस. मुद्दाम विचारते, तुमचं पार्क पंचावन्नच्या वरच्यांचं तर नाही ना? तसं असेल तर तरुण जोडप्याला तेवढ्यावरच नकार मिळू शकतो, आणि बाकीचं सगळं वाचायचं कारणच उरणार नाही. नवं भाडं किती लागणार हेही त्यांना आधीच विचारू द्या. सॅन होजेत शहराने पार्कच्या भाड्यावर नियम केलेत, शहराच्या हाउसिंग खात्यात फोन करून विचारता येतं. महिन्याला शंभर डॉलर भाडं वाढलं की तुमच्या घराची किंमत त्या हिशेबाने उतरते. घेणारा दोन्ही आकडे एकत्रच मोजतो.

टायटल राज्याच्या हाउसिंग अँड कम्युनिटी डेव्हलपमेंट खात्याकडे असतं, गाड्यांच्या डीएमव्हीकडे नाही. (१९८० च्या आसपासपर्यंत तिथेच होतं, म्हणून जुनी मंडळी अजून तिकडे रांगेत उभी राहतात.) घरावर बाहेर लावलेल्या डिकलचा (नोंदणीच्या स्टिकरचा) नंबर देऊन टायटल सर्च मागवा. कर्ज फिटलं म्हणता, पण बँकेचं नाव कागदावरून उतरलं का? मी जितक्या फायली पाहिल्या त्यातल्या कितीतरी इथेच अडकल्या. डबल-वाइड म्हणजे दोन भाग, प्रत्येकाचा सिरियल नंबर वेगळा. दोन्ही बरोबर लिहिलेत ना, तेही बघा.

वहिनींचं नाव. तुमच्या दोघांच्या नावांमध्ये टायटलवर काय लिहिलंय, त्यावर सगळं आहे. जॉइंट टेनंट (एक गेला की दुसरा पूर्ण मालक) असाल तर मृत्यूचा दाखला आणि एक प्रतिज्ञापत्र देऊन घर तुमच्या एकट्याच्या नावावर होतं. नुसतं 'अँड' असेल तर त्यांचा अर्धा हिस्सा वारसांकडे गेलेला असू शकतो. मृत्यूनंतर चाळीस दिवस उलटले असतील तर अनेकदा प्रोबेटशिवाय (कोर्टातल्या वारसा-प्रक्रियेशिवाय) एका फॉर्मवर काम होतं, मुलीची सही लागेल. मृत्युपत्र असेल तर तेही काढून ठेवा. घेणारा बघण्याआधी हे काम करायचं असतं, तुम्ही उलटं केलंय. असू दे, अजून उशीर झालेला नाही.

१ जुलै १९८० नंतर पहिल्यांदा विकल्या गेलेल्या घरांना काउंटीचा प्रॉपर्टी टॅक्स लागतो, तुमचं त्यातच येईल. सँटा क्लॅरा काउंटीच्या टॅक्स कलेक्टरकडून टॅक्स क्लिअरन्सचा दाखला घ्या. तो नसेल तर टायटल हलत नाही. हेवर्डच्या त्या गृहस्थाचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून दोनदा सांगते : दाखला घ्या.

एस्क्रो? दोन खाजगी माणसांच्या व्यवहारात तो सक्तीचा नाही, डीलर मध्ये असेल तर आहे. तुम्ही डॅलसला, जोडपं इथे, मधे मैत्री. अशा वेळी मी तरी एस्क्रोचे पैसे वाचवणार नाही. मैत्रीतले व्यवहारच सगळ्यात जास्त कोर्टात गेलेले मी पाहिलेत. आणि पार्कबरोबरचा त्यांचा सही झालेला करार हातात आल्याशिवाय एस्क्रो बंद करायचा नाही, ही अट लिहूनच घ्या.

आता देवघर. पोर्च बंदिस्त करायला परवाना लागतो, आणि तो तुम्ही घेतला असता तर पत्रात हे विचारलंच नसतं. मोबाइल होमच्या विक्रीत विकणाऱ्याला घराची माहिती देणारा एक छापील फॉर्म भरावा लागतो. परवान्याशिवाय केलेलं काम त्यात लिहायचंच. लपवलं आणि छत गळलं तर ते जोडपं तुम्हाला डॅलसला शोधत येईल. परवाने देणाऱ्या कार्यालयात जाऊन आता परवाना मिळतो का ते विचारा. मिळत नसेल तर भिंती काढा, पोर्च पुन्हा पोर्च करा. त्याच फेरीत गॅसच्या वॉटर हीटरला भूकंपाचे पट्टे आहेत का आणि प्रत्येक झोपायच्या खोलीत स्मोक अलार्म वाजतो का, ते बघून घ्या. विक्रीत दोन्हींचं लेखी आश्वासन द्यावं लागतं.

नफ्यावरच्या टॅक्सची फार काळजी नको. गेल्या पाच वर्षांतली दोन वर्षं तुम्ही तिथे राहिलात, त्यामुळे अडीच लाख डॉलरपर्यंतचा नफा फेडरल टॅक्समधून सुटतो. चाकांवर आलेलं घर असलं तरी. वहिनींच्या हिश्शाची किंमत २०२१ च्या बाजारभावाने धरायची असते, हे सीएला आठवण करून सांगा.

आणि व्यवहार पूर्ण होईपर्यंत जागेचं भाडं तुमचंच, दर महिन्याला, वेळेवर. डॅलसला गेलात तरी.