आईची ट्यूब आधी पाठव

अगं, काल फोनवर तू किती चिडली होतीस. बाळ ए पॉझिटिव्ह आहे, ए पॉझिटिव्ह बॅग द्या, आईच्या सॅम्पलवर कशाला अडवताय? वर सिनियर ओरडतायत, खाली आम्ही ब्लड बँकवाले ऐकत नाही, मधे तू. कळतं मला. पण आईच्या रक्ताची ट्यूब पाठव.

त्या बाळाच्या अंगात ज्या अँटीबॉडी आहेत ना, त्या त्याच्या नाहीतच, आईच्या आहेत, नाळेतून आलेल्या. स्वतःच्या बनवायला त्याला अजून काही महिने लागतील. आई ओ असेल आणि तू बाळाचा ग्रुप बघून ए च्या लाल पेशी दिल्यास तर आईची अँटी-ए, म्हणजे ए पेशींविरुद्धची अँटीबॉडी, त्या फोडू शकते. म्हणून रक्त दोघांनाही चालणारं हवं, बहुतेक वेळा ओ, आणि क्रॉसमॅच, म्हणजे रक्त जुळतं का ते बघणं, आईच्या प्लाझ्माशी. शिवाय एक किलोच्या बाळात सगळं मिळून 90 मिलीच्या आसपास रक्त, कटिंगच्या ग्लासाएवढं, त्यातलंच टेस्टिंगला परत परत काढणार का तू? आईकडून 3 मिली घे की!

बाळ रक्तस्रावाने कोसळत असेल तर मात्र थांबायचं नाही, ओ निगेटिव्ह माग, लगेच देते. ट्यूब मागाहून आली तरी चालेल, पण येऊ दे.

आणि बाबा म्हणतील माझं घ्या, तर प्रेमाने नाही सांग. त्यांच्या पेशींविरुद्ध आईत अँटीबॉडी झालेल्या असू शकतात, आणि जवळच्या नातेवाइकाचं रक्त इरॅडिएट न करता, म्हणजे किरणांनी त्यातल्या पांढऱ्या पेशी निष्क्रिय न करता, दिलं तर जीव्हीएचडीची भीती, त्या पेशी बाळाच्याच शरीरावर हल्ला करतात.

मला हट्टी म्हणतात, उशीर करते म्हणतात. म्हणू देत. खंत वेगळीच आहे, इतकी वर्षं सांगतेय की बाळ रेफर करताना अँब्युलन्समध्ये आईची ट्यूब द्या, अजून क्वचितच कोणी देतं, आणि शेवटी भांडण तुझ्यामाझ्यात होतं.

आता आई तिकडे ग्रामीण रुग्णालयात सिझर होऊन पडलीय ना, तिथल्या सिस्टरला फोन लाव. जांभळ्या झाकणाची ट्यूब, लेबल आईच्या बेडपाशीच लिहायचं, नुसतं बेबी ऑफ अमुक नको, आईचं पूर्ण नाव आणि नंबर. बाबा संध्याकाळी येतायत, त्यांच्याबरोबर दे म्हणावं. मी थांबते, एकाच डोनरच्या, बाळांसाठीच्या छोट्या पेडी-बॅगा वेगळ्या काढून ठेवते, 15 मिली आज आणि लागलंच तर पुढचंही त्याच डोनरचं.