विचारा ना ताई : जायचं विमान सगळेच दाखवतात

ताई, मुलाने यंदा दुसऱ्यांदा नीट दिली, ३१० मार्क आलेत. गव्हर्मेंट कॉलेज तर लागणारच नाही आणि खाजगी डीम्ड कॉलेजची फी ऐकून यांनी माहितीपत्रक तसंच टेबलावर ठेवून दिलं. इथे एका हॉटेलात सेमिनार होता, तिथले एजंट म्हणाले किर्गिझस्तानला बिशकेकमधे एमबीबीएस करा, कॉलेज एनएमसी अप्रूव्ड आहे, पाच वर्षांत इंटर्नशिपसकट डिग्री, हॉस्टेल-मेस धरून २८ लाख, आत्ता ५० हजार भरले तर सीट पक्की. शेजारच्यांचा मुलगा पण चाललाय. भरू का?
— एक आई, लातूर

नका भरू. निदान आज तरी नका, कारण "आजच भरा" असं ज्याला म्हणावं लागतं त्याच्याकडे उद्या सांगायला काही नसतं.

आधी ते "एनएमसी अप्रूव्ड" बघू. एनएमसी, म्हंजे आपल्याकडे मेडिकल शिक्षणाचे नियम करणारी सरकारी संस्था, परदेशातल्या कॉलेजांची मान्यताप्राप्त यादी वगैरे काढत नाही हो, कधीमधी एखाद्या कॉलेजबद्दल सावध राहा अशी नोटीस काढते तेवढंच. ती फक्त नियम सांगते, आणि त्या नियमात तुमचा मुलगा बसतो का नाही हे तो शिकून परत आला की तपासते. म्हंजे पैसे तुमचे, वर्षं त्याची, आणि रिस्क पण तुमचीच, एजंटचं कमिशन मात्र पहिल्याच वर्षी मोकळं झालेलं असतं.

नियम १८ नोव्हेंबर २०२१ च्या गॅझेटमधे आहेत. कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून, सगळा एकाच कॉलेजमधे. वर तिथेच त्याच कॉलेजमधे १२ महिने इंटर्नशिप, ती ५४ महिन्यांत धरायची नाही. शिवाय ती डिग्री घेऊन त्या देशात त्यांच्या स्वतःच्या डॉक्टरांसारखीच प्रॅक्टिस करता आली पाहिजे, त्यासाठीचं लायसन्स मिळायला पाहिजे. आता एजंटचं वाक्य घ्या आणि कॅल्क्युलेटर घ्या. पाच वर्षं म्हंजे ६० महिने, त्यातून इंटर्नशिपचे १२ काढले की उरले ४८. पाहिजेत ५४. सहा महिने कमी पडले की नाही, आणि हे लातूरच्या हॉटेलात समोसा खाता खाता कळलं तर बरं, बिशकेकहून आल्यावर कळलं तर काय करणार? फिलिपिन्सला गेलेल्या पोरांची हीच गोची झाली, तिकडचा एमडी (आपल्या एमबीबीएससारखी डिग्री) मुळात चार वर्षांचा.

एजंटला तोंडी काही विचारू नका. ईमेलवर, कॉलेजच्या लेटरहेडवर मागा : कोर्स किती महिन्यांचा, इंटर्नशिप वेगळी किती महिन्यांची आणि कुठल्या हॉस्पिटलात, परदेशी विद्यार्थ्याला तिथलं लायसन्स मिळतं का, कशाने मिळतं. "सर सगळं होतं तिथे" हे उत्तर नव्हे.

मग परत आल्यावरचं. इथे एफएमजीई, म्हंजे बाहेरून डॉक्टर होऊन आलेल्यांची परीक्षा, द्यावी लागते (तिच्या जागी नेक्स्ट नावाची नवी परीक्षा येणार हे कितीतरी दिवस ऐकतोय). वर्षातून दोनदा असते, ३०० प्रश्न, पास व्हायला १५० लागतात, निगेटिव्ह मार्किंग नाही. ऐकायला सोपी वाटते ना, पण पास होणारे साधारण पाचात एक, एखाद्या वेळी थोडे जास्त. पोरं ढ असतात असं नाही. वर्गात इंग्रजी असतं पण वॉर्डातला पेशंट रशियन नाहीतर किर्गिझ बोलतो, याला त्याचं पोट कुठे दुखतंय तेच कळत नाही, मग केस शिकणार कशी. एफएमजीईनंतर इथे परत १२ महिने इंटर्नशिप, आणि तिच्यासाठी कॉलेजांमधे जागा राखलेल्या असतात ७.५ टक्क्यांपर्यंतच, त्यामुळे वाट बघावी लागू शकते. त्या इंटर्नशिपसाठी कॉलेजने फी मागू नये असं एनएमसीचं सर्क्युलर आहे, हे पण लक्षात ठेवा.

घरात कागद घेऊन बसा आणि पाच वर्षांचा नाही, सात-साडेसात वर्षांचा हिशोब मांडा.

मार्कांचं म्हणाल तर तो क्वालिफाय आहेच, २०२५ ला ओपनचा कटऑफ १४४ होता. बाहेर जाण्यासाठी नीटचा रिझल्ट तीन वर्षं चालतो, म्हंजे सीट पळून चाललीये असं काही नाही. सहा महिने चौकशी करा, तिथे शिकत असलेली आपल्याकडची मुलं शोधा, पण एजंटने नंबर दिलेली सोडून. मे २०२४ मधे बिशकेकला परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर जमाव चालून गेला होता, त्या आठवड्यात घरच्यांचं काय झालं असेल हे पण त्यांना विचारा.

आणि ओरिजिनल मार्कशीट कुणाच्या हातात देऊ नका. माझ्या भाच्याची एका एजंटने "अपोस्टिलला पाहिजे" (परदेशात कागद चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) म्हणून घेतली आणि नंतर ॲडमिशन रद्द करतो म्हटल्यावर ती परत द्यायला पैसे मागितले. तेव्हापासून असल्या सेमिनारला गेले तरी मी चहा सुद्धा घेत नाही.

मी बारावीला आहे, जर्मन ए१ (भाषेची पहिली पायरी) झालंय. जर्मनीत मेडिकलला फी नसते म्हणे, खरं का? नंतर सांगलीला येऊन बाबांचं क्लिनिक सांभाळणार.
— सांगलीचा एक मुलगा

फीचं बऱ्यापैकी खरंय, सरकारी युनिव्हर्सिटीत नसतेच म्हण, बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र बाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो लागतात. राहण्याखाण्यासाठी ब्लॉक्ड अकाउंटमधे (दर महिन्याला ठरावीकच पैसे काढता येतात असं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. पण अरे, तिथे मेडिसिन जर्मनमधे असतं, सी१ (ए१ पासून पाचवी पायरी) च्या आसपास भाषा लागते, आणि आपली बारावी बहुतेक वेळा थेट चालत नाही म्हणून आधी श्टुडिएनकोलेगचा एम-कुर्स, म्हंजे मेडिकलच्या आधीचा तयारीचा कोर्स. मग सहा वर्षं आणि वर थोडी. युरोपबाहेरच्यांना जागा अगदी मोजक्या.

तुझी खरी अडचण शेवटच्या वाक्यात आहे. वर वाचलंस ना, परत येऊन इथे डॉक्टरकी करायची तर कोर्स इंग्रजीतून पाहिजे. तिथेच डॉक्टर म्हणून राहायचं असेल तर जर्मनी उत्तमच, पण क्लिनिक सांभाळायचं असेल तर चुकीच्या गाडीत बसतोयस. आधी बाबांशी बोल, जर्मन ए२ नंतर बघू.

रशियात तिसऱ्या वर्षाला आहे, मूळ नाशिकची. इथली थंडी आणि मेस दोन्हीचा वैताग आलाय. जॉर्जियाला ट्रान्सफर घेऊ का? कन्सल्टंट म्हणतो क्रेडिट्स चालतात.
— नाशिकची मुलगी

क्रेडिट्स जॉर्जियात चालतील गं, एनएमसीकडे नाही चालणार. एकच कॉलेज म्हंजे एकच. युक्रेनच्या मुलांना २०२२ नंतर मोकळीक मिळाली ती युद्धामुळे, मेसमुळे नाही. एक छोटा कुकर घे, पिठलं-भात येतोच ना.

त्यापेक्षा रशियन शीक, बाजारात भाव करण्यापुरतं नाही, पेशंटला "कधीपासून दुखतंय, खोकल्यातून रक्त पडतं का" विचारता येईल इतकं. आणि एफएमजीईला आत्तापासूनच लाग. पीएसएम, म्हंजे सार्वजनिक आरोग्याच्या विषयात, आपले राष्ट्रीय कार्यक्रम, आपलं लसीकरणाचं वेळापत्रक विचारतात, ते तुला रशियात कोण शिकवणार? सुट्टीत येशील तेव्हा इथलं पुस्तक घेऊन जा, आणि दोन दिवस जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बस, डॉक्टरांची परवानगी घेऊन. लसीकरणाच्या दिवशी गेलीस तर आशाताई सगळं वेळापत्रक तोंडपाठ म्हणून दाखवतील.