फिलिपिन्समधल्या विगानला स्थानिक गाइड घ्यावा का?

जरूर घ्या. काये क्रिसोलोगो हा दगडी फरसबंदीचा रस्ता एकट्यानेही फिरता येतो, पण घरं वाचायला जाणकार माणूस लागतो. १५७२ मध्ये स्पॅनिशांनी वसवलेल्या या गावातले वाडे बरेचसे चिनी वंशाच्या सधन व्यापाऱ्यांनी बांधले. खाली जाड विटांच्या भिंती, तिथे घोडागाड्या आणि माल. वर लाकडी मजला, तिथे कुटुंब. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या बसवलेल्या आहेत. गोव्यातल्या जुन्या घरांत असतात ना, अगदी तशाच! सरकत्या झडपेजवळ उभं राहून त्यातून येणारा दुधी उजेड बघाच. युनेस्कोने १९९९ मध्ये या गावाला जागतिक वारसा म्हटलं, ते आशियाई आणि युरोपीय शैलींच्या याच मिश्रणासाठी.

कलेसा, म्हणजे तिथला टांगा, ठरवताना भाडं आणि थांबे आधीच बोलून घ्या. बुर्नाय रांजणांची भट्टी त्यात हवीच; चाकावर रांजण घडताना बघायला मिळतो. सिकिया मॅन्शनही चुकवू नका, माजी राष्ट्राध्यक्ष एल्पिदियो किरिनो यांच्या सासरचा तो वाडा. फिरायला सकाळी लवकर निघा, दुपारी ऊन फार चटकतं. शाकाहारी असाल तर एम्पानाडा (सारण भरून तळलेली करंजी) घेताना लाँगानिसा (डुकराच्या मांसाचं सॉसेज) नको म्हणून आधीच सांगा.