तुझ्या जन्माआधीच्या बाई

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

बाईंच्या, म्हणजे तुझ्या आजीच्या, वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेचा मजकूर मिळाला. दोनदा वाचला. फोनवर तू म्हणालीस, "गुरुजी, मनात खूप आहे, पण कागदावर उतरलं की ते कुणाच्याही आजीचं वाटतं." वाटणारच. 'मायेचा सागर', 'वात्सल्यमूर्ती' ही अक्षरं छापखानेवाल्याकडे तयारच असतात, तो फक्त फोटो बदलतो. माझ्या आईच्या वेळी मीही तेच छापलं होतं. ती पुस्तिका अजून कपाटात आहे, आणि उघडली की मला माझीच लाज वाटते. आईला लग्नाआधी कोणती गाणी यायची, हे मला माहीत नाही. विचारायला आता कुणी उरलेलं नाही.

तुझ्या मजकुरात गोधडी आहे, शेंगदाण्याचे लाडू आहेत, तुझ्याकडून म्हणवून घेतलेले पाढे आहेत. सगळं खरं आहे. पण ते सगळं 2006 नंतरचं. बाई 58 वर्षांच्या होऊन निवृत्त झाल्या तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. तू ओळखतेस त्या पेन्शनर बाई. त्याआधीची 38 वर्षं तू 'आदर्श शिक्षिका म्हणून प्रदीर्घ सेवा केली' एवढ्यावर उरकलीस. पोरी, तुझ्या जन्माआधीच्या बाई लिही.

कुठून सुरू करू, असं विचारशील. त्यांची पत्र्याची पेटी उघड. तळाशी सेवापुस्तक असेल, नाहीतर त्याची नक्कल. बदल्या, रजा, वेतनवाढी, सगळं तारखेनिशी असतं त्यात. पहिली नेमणूक 1968 ची, जिल्हा परिषदेची एकशिक्षकी शाळा, मारुतीच्या देवळात भरणारी. चार इयत्ता आणि एक बाई. बीड जिल्ह्यात तेव्हा मुक्कामाची एसटी जिथं थांबायची, तिथून पुढं दीड तास चालत. त्या गावातल्या आजच्या निम्म्या कर्त्या माणसांचा जन्म 1 जूनचा आहे, माहीत आहे ना? आई सांगायची, "ज्वारी काढणीला आली होती तेव्हाचा," आणि बाई दाखल रजिस्टरात 1 जून लिहून मोकळ्या व्हायच्या. त्या गावात जा. म्हाताऱ्यांना विचार. तुला तिथं 'आजी' हा शब्दसुद्धा ऐकू येणार नाही.

आता एक गोष्ट माझी. तुला ती अवांतर वाटेल, वाटू दे.

1995 ला शाळेतून तांदूळ मिळायला लागला. 80 टक्के हजेरी भरली की पोरामागं महिन्याला 3 किलो, घरी न्यायचा. आणि आमच्याकडं तर दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला. मुकादमाची उचल घेतलेली, कोयत्यामागं पोरंही निघायची, फडात धाकट्याला सांभाळायला. मी माझ्या वर्गाच्या पटावर त्या पोरांना हजर मांडायचो. मागं राहिलेल्या म्हाताऱ्या त्या तांदळावर दिवस काढायच्या. बाई मांडायच्या नाहीत. म्हणायच्या, "पोरगं फडात आणि पटावर हजर, मग त्याला शोधायला जायचं कुणी?" दोन महिने आमचं बोलणं बंद होतं. मी चुकलो, असं मला आजही वाटत नाही. उपाशी माणसापुढं नियम वाचायचा नसतो. वरून तपासणीला येणाऱ्यांनाही सगळं कळत होतं, तेही गप्प बसायचे. पण पाडव्याला टोळ्या परतल्या की माझ्या वर्गातली पोरं बाराखडी विसरून यायची, हेही खरंच आहे. असो.

बाईंनी काय केलं, ते लिही. दसऱ्याआधीच त्या संध्याकाळी वस्तीवर घरोघर जायच्या. "पोरगं आजीपाशी ठेवा. दोघांचं पोट भरेल एवढं बघू आपण." बाया म्हणायच्या, आईबापाविना कसं राहील? बाई म्हणायच्या, "माझा राहिलाच की."

हे वाक्य मी कितीदा ऐकलं. त्याचा अर्थ कळायला मला दहा वर्षं लागली.

तुझे बाबा 1972 चे, दुष्काळातले. गावोगाव खडी फोडायची कामं चालू होती, सुकडी वाटत होते, आणि बाईंच्या गावात प्यायला पाणी नव्हतं. सहा महिन्यांचं पोर त्यांनी नगरला आपल्या आईकडं ठेवलं. चौथी होईपर्यंत ते तिथंच होतं. शनिवारी सकाळची शाळा करून निघायचं, रविवारी रात्री परत. 1977 च्या डिसेंबरात सरकारी नोकरांचा आणि शिक्षकांचा संप झाला, 54 दिवस चालला. पगार नाही, बाकी सगळे चिंतेत, आणि बाई नगरला. मला हसत सांगायच्या, "गुरुजी, तो संप म्हणजे माझी बाळंतपणाची रजा."

आता तुझे लाडू आणि गोधडी परत वाच. तुला शाळेत सोडायला त्या रोज जायच्या, पाऊस असला तरी जायच्या, असं तू कौतुकानं लिहिलं आहेस. ती थकबाकी होती, बाळ. ज्याची द्यायची राहिली तो मोठा झाला होता, मग ती तुझ्या खात्यावर जमा झाली. आणि तुझे बाबा "तूच लिही, मला जमत नाही" म्हणतात, त्याचा तुला राग आला आहे. फोनवर लपवलास, पण कळला. राग बाजूला ठेव. त्यांच्या आठवणीतल्या आईचं नाव शनिवार आहे.

मी कठोर बोलतोय का? बोलतोय. माझ्याकडं आईची पुस्तिका आहे, तुझ्याकडं अजून बाबा आहेत. तुझ्या जन्माआधीच्या बाई त्यांच्याकडं आहेत आणि अर्ध्याअधिक फक्त त्यांच्याचकडं.

विचारताना समोर वही घेऊन बसू नकोस, ते उठून जातील. गाडीवर त्यांच्या मागं बसून कुठंतरी लांब जा. नगरलाच जा. जुना एसटी स्टँड दाखवा म्हण.

छापायला उशीर झाला तरी चालेल. तिथीला पानं वाढा, पुस्तिका मागाहून वाटा. लोक काय म्हणायचं ते म्हणतील.

तुझे,
गुरुजी

ता. क. नवऱ्याच्या पश्चात नोकरी धरली, असं तू लिहिलं आहेस. चूक. तुझे आजोबा तेव्हा हयात होते आणि त्यांचा नोकरीला विरोध होता. हेही बाबांना विचार, पण परतीच्या वाटेवर.