जुन्या फोटोतला रस्त्याचा कोपरा कुठला आणि केव्हाचा, हे कसं शोधायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरच्या ट्रंकेत एक कृष्णधवल फोटो सापडला. दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर दुमजली इमारत, खाली दुकान, त्याची अर्धवट दिसणारी पाटी, रस्त्यात रूळ. मागे एक अक्षर नाही. आता पुढे काय?

आधी इमारत सोडा. सगळे तिच्याच कमानी आणि कठडे न्याहाळत बसतात आणि तिथेच अडकतात. इमारत शंभर वर्षं जशीच्या तशी उभी राहू शकते, त्यामुळे फोटो १९०० सालचा की १९५०चा, हे ती सहसा सांगत नाही. जे लवकर बदलतं ते बघा: तारा, खांब, दिवे, पाट्या, भिंतीवर डकवलेले कागद, गाड्यांच्या नंबरप्लेटा. यासाठी फोनने काढलेला फोटोचा फोटो कामाचा नाही. मूळ प्रत स्कॅनरवर १२०० डीपीआयला स्कॅन करा आणि तुकडा तुकडा मोठा करून पाहा. मागची कोरी बाजूसुद्धा स्कॅन करा. पेन्सिलीचे पुसट आकडे आणि कागद कंपनीचा फिकट छाप कॉन्ट्रास्ट वाढवला की कधी कधी वर येतात.

तुमच्याकडे रूळ आहेत, म्हणजे निम्मं काम झालं. ट्रामच्या तारखा बहुतेक शहरांच्या नोंदीत पक्क्या असतात. उदाहरणार्थ, मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली सुरू झाली, विजेची १९०७ साली आणि १९६४ साली ट्राम बंद झाली. रुळांच्या वर तार दिसली तर विजेची ट्राम. दिसली नाही म्हणून लगेच घोड्यांची ठरवू नका. लंडनच्या काही मार्गांवर वीज रस्त्याखालच्या खाचेतून घेतली जायची, वर तार नसेच. आणि नुसते रूळ म्हणजे ट्राम चालू होती असंही नाही, कारण सेवा बंद झाल्यावरही ते पुष्कळ ठिकाणी बरीच वर्षं तसेच पडून राहिले.

हाच हिशेब प्रत्येक गोष्टीला लावायचा. फोटोतली सगळ्यात नवी वस्तू कोणती, त्यावरून ‘याच्या आधीचा नाही’ हे ठरतं. फोटो भारतातला असेल आणि पाटीवर सहा आकडी पिनकोड दिसला, तर तो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचाच. दुसरी बाजू, म्हणजे ‘याच्या नंतरचा नाही’ हे ठरवणं, नाजूक असते. जाहिरातीत भाव आण्यांत असेल तर ती जाहिरात बहुधा १९५७ पूर्वीची, कारण त्या वर्षी एप्रिलमध्ये दशमान नाणी आली. पण भिंतीवर रंगवलेली जाहिरात कोणी पुसत बसत नाही, ती पुढे वीस वर्षंही राहू शकते. सिनेमाचं पोस्टर सापडलं तर चांदीच, फक्त जुने सिनेमे पुन्हा लागत असत हे विसरू नका.

न दिसणाऱ्या गोष्टींवर तर फारच बेताने विश्वास ठेवा. फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या दागेर या फ्रेंच माणसाने १८३८ साली पॅरिसच्या बुलेव्हार द्यू तांप्लचं चित्र घेतलं. भर रहदारीचा रस्ता, पण चित्रात तो ओस पडलेला दिसतो. एक्सपोजर काही मिनिटांचं होतं, त्यामुळे चालती माणसं आणि गाड्या उमटल्याच नाहीत. कोपऱ्याजवळ बुटांना पॉलिश करून घेत थांबलेला एक माणूस तेवढा राहिला. शिवाय दागेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावर थेट उमटवलेलं चित्र असल्यामुळे ते उजवं-डावं उलटं आहे. तुमचा फोटो कागदावरचा आहे, पण निगेटिव्ह उलटी ठेवून छापली गेली असेल तर तोही उलटा येतो. पाटीवरची अक्षरं सुलट आहेत ना, एवढं पाहून घ्या. नाहीतर नकाशावर डावीकडचा रस्ता उजवीकडे शोधत बसाल.

कागदाचं वय वेगळं. अंधारात त्यावर अतिनील टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर ती प्रत साधारण १९५० नंतरच्या कागदावर छापलेली आहे. चमकला नाही तर त्यावरून काहीच ठरवू नका. आणि हे वय प्रतीचं, फोटोचं नाही. १९१० सालच्या निगेटिव्हवरून १९६० साली प्रत काढता येतेच.

आता जागा. कोपऱ्याचा एक मोठा फायदा असा की तो दोन रस्त्यांच्या नोंदींत सापडू शकतो. जुन्या शहर-डिरेक्टऱ्या यासाठी अफाट उपयोगी आहेत. ब्रिटनमधल्या केलीच्या डिरेक्टरीत दुकानांची यादी रस्त्याच्या क्रमाने दिलेली असते आणि मध्येच ‘इथे अमुक रस्ता मिळतो’ अशी ओळ येते. त्या ओळीच्या लगेच आधीचं किंवा नंतरचं दुकान म्हणजे कोपऱ्यावरचं. अमेरिकेतल्या गावांसाठी सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे पाहा. त्यांत विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी, शिवाय मजले किती तेही लिहिलेलं असतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यातले पुष्कळसे ऑनलाइन ठेवले आहेत. घरक्रमांकांवर मात्र आंधळा विश्वास नको. शिकागोने १९०९ साली जवळजवळ सगळे क्रमांक बदलले, त्यामुळे त्याआधीचा पत्ता आजच्या नकाशावर भलतीकडेच नेतो. रस्त्यांची नावं बदलतात ते तर आपल्याला सांगायलाच नको.

जागा महाराष्ट्रातल्या शहरात निघाली आणि तिथे सिटी सर्व्हे झालेला असेल, तर नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. तिच्यावर जागेचे धारक तारखेनिशी चढत गेलेले असतात. दुकानदार भाडेकरू असेल तर त्याचं नाव बहुधा तिथे मिळणार नाही, पण मालकाच्या नावावरून जुन्या वर्तमानपत्रांत शोध घेता येतो.

पाटीचा तुकडा आणि मागची बाजू असे दोन्ही स्कॅन इथे टाका. पाटीवरची जेवढी अक्षरं लागतात तेवढीच लिहा, मधल्या जागा मोकळ्या सोडा. अंदाजाने नाव पूर्ण केलंत की पुढचे सगळे त्याच नावामागे धावतील.