भ्रूण प्रत्यारोपणाच्या चमूत नव्याने आलेल्या पशुवैद्यकास

डॉक्टर, नवखा माणूस दाता गाईच्या, म्हणजे जिचे भ्रूण घ्यायचे तिच्या, संप्रेरकांच्या इंजेक्शनांत गुंततो. माझ्या अनुभवाने मात्र बरेचसे अपयश ग्रहणकर्त्या, म्हणजे भ्रूण वाढवणाऱ्या, गाईच्या निवडीत दडलेले असते. दाता गाईच्या गर्भाशयातून माजानंतर साधारण सातव्या दिवशी धुऊन काढलेले भ्रूण ज्या गाईत सोडायचे, तिचा माज दात्याच्या माजाशी एका दिवसापेक्षा अधिक मागेपुढे नसावा, आणि ज्या बाजूच्या बीजांडकोशावर पीतपिंड (बीज सुटल्या जागी तयार होणारी, गर्भ टिकवणारी गाठ) आहे त्याच बाजूच्या गर्भाशयशिंगात, म्हणजे गर्भाशयाच्या फाट्यात, भ्रूण ठेवावे.

कोकणातील वैशाख-ज्येष्ठाच्या दमट उकाड्यात माज मुका राहतो, म्हणजे त्याची लक्षणे बाहेर फारशी दिसत नाहीत, म्हणून गुराख्याला पहाटे व रात्री गोठ्यात डोकावण्यास सांगावे. (त्याची नोंद पुष्कळदा आपल्या वहीपेक्षा खरी निघते.) कोकण कपिला ही डोंगरउतारावर टिकणारी, लहान चणीची गाय, तिच्यात थोराड जातीचे भ्रूण सोडल्यास प्रसूती अडण्याचा धोका संभवतो, तेव्हा भ्रूणाची जात आणि गाईचा कटिभाग आधी जुळवून पाहावा. गर्भधारणेची सोनोग्राफी माजापासून तीस दिवसांच्या सुमारास करावी आणि दोन महिन्यांनी पुन्हा खात्री केल्याविना मालकाला गाय गाभण असल्याचे सांगू नये.